एक दिवस सिंदखेडराजात

बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. नकाशाच्या वरच्या टोकाला सातपुड्याची रांग दिसेल. तिच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके आहेत. थोडे खाली पूर्णा नदीचे सपाट खोरे आहे. तेथून अजिंठ्याचा डोंगर चढून आलो की बुलढाणा शहर लागते. आता बोट आणखी खाली न्या, अगदी जालना जिल्ह्याच्या सीमेजवळ. तेथे तालुक्याचे एक लहानसे गाव आहे. त्याचे नाव सिंदखेडराजा. या पाठात आपण त्या गावाची एक दिवसाची सहल करणार आहोत.

हे गाव प्रसिद्ध आहे ते एका जन्मामुळे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आई जिजाबाई यांचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी येथे झाला. लोक त्यांना आदराने जिजाऊ म्हणतात आणि या गावाला ‘मातृतीर्थ’ म्हणतात. मातृ म्हणजे माता, आणि तीर्थ म्हणजे पवित्र स्थान. दरवर्षी १२ जानेवारीला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लोक येथे येतात. पाय ठेवायला जागा उरत नाही. ती गर्दी आणि तो उत्साह पाहायचा असेल तर त्या दिवशी जरूर जा. पण दगडविटा नीट पाहायच्या असतील, तर दुसरा एखादा साधा दिवस निवडा. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरनंतर गेलात तर अधिक चांगले. तलावात पाणी असते आणि ऊन अंगाला बोचत नाही.

शाळेच्या सहलींना एक वाईट खोड असते. एका दिवसात सहा ठिकाणे पाहायची, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे थांबायचे आणि उरलेला वेळ गाडीत गाणी म्हणायची. घरी आल्यावर अम्मीने विचारले, “काय पाहिलेस?” तर मुलाला फक्त भेळ आठवते. म्हणून मी सुचवतो की एक दिवस, एकच गाव. सिंदखेडराजातील बहुतेक वास्तू पायी फिरून पाहता येतात. घाई करण्याचे काही कारणच नाही.

जाण्याचा मार्ग सोपा आहे. बुलढाण्याहून एसटीने चिखली, तेथून देऊळगाव मही, मग देऊळगाव राजा आणि पुढे सिंदखेडराजा. आगगाडीने येणाऱ्यांना जालना हे स्थानक जवळचे आहे. अलीकडे मुंबई ते नागपूर हा समृद्धी महामार्ग झाला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि तो याच तालुक्यातून जातो. पण त्या रस्त्याने मोटारी सुसाट निघून जातात, वाटेतले काही दिसत नाही. तुम्ही आपले लाल एसटीने या. खिडकीजवळची जागा धरा. काळ्या मातीची शेते, कापूस, सोयाबीन आणि देऊळगाव मही परिसरात खडकपूर्णा नदीवरचा मोठा जलाशय दिसेल. त्या जलाशयाला संत चोखामेळा यांचे नाव दिले आहे. जवळचेच मेहुणा राजा हे गाव त्यांचे जन्मस्थान मानले जाते.

सोबत काय घ्यावे? भाकरीचा डबा, पाण्याची बाटली, टोपी, एक वही आणि पेन्सिल. आणि हो, थोडे धाडसही घ्या. कशाचे धाडस? मराठी बोलण्याचे. आपल्यापैकी पुष्कळ मुलांना मराठी समजते, पण चारचौघांत बोलताना जीभ अडखळते. ‘तो’ म्हणावे की ‘ती’, या विचारात वाक्यच राहून जाते. सिंदखेडराजात तुम्हाला रस्ता विचारावा लागेल, पहारेकऱ्याशी बोलावे लागेल, चहावाल्याला पैसे द्यावे लागतील. तेव्हा बोला. लिंग चुकले म्हणून कोणी रस्ता सांगायचे थांबत नाही.

स्थानकावर उतरलात की पहिल्यांदा राजे लखुजी जाधव यांचा वाडा पाहायला चला. लखुजीराजे हे जिजाऊंचे वडील. आईचे नाव म्हाळसाबाई. हाच वाडा जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून दाखवला जातो. समोर भव्य दरवाजा आहे आणि त्यावर नगारखाना आहे. आत शिरण्यापूर्वी जरा मागे सरा आणि दरवाजाकडे नीट पाहा. खालचे बांधकाम दगडाचे आहे, वर विटा आहेत. दगड जड असतो, म्हणून तो पायाला आणि जोत्याला वापरतात. वीट हलकी असते, म्हणून ती वरच्या भागाला वापरतात. जुन्या गवंड्यांना हे गणित तोंडपाठ होते.

आता एक गंमत करू. दरवाजापाशी उभे राहून जे जे दिसते त्याचे मराठी नाव वहीत लिहा. दरवाजा, नगारखाना, बुरूज, कमान, महाल. या यादीतला कोणता शब्द तुम्हाला परका वाटतो? दरवाजा तर आपलाच. नगारखाना म्हणजे नक्कारखाना. बुरूज म्हणजे बुर्ज. महाल म्हणजे महल. किल्ल्याभोवतीच्या खोल चराला मराठीत खंदक म्हणतात, तेही उर्दूत तसेच आहे. फक्त ‘कमान’ या शब्दाजवळ थांबा. उर्दूत कमान म्हणजे तीर सोडण्याचे धनुष्य. मराठीत कमान म्हणजे दरवाजावरचा तो वळलेला भाग, ज्याला आपण मेहराब म्हणतो. आकार धनुष्यासारखा वाकलेला, म्हणून मराठीने त्या शब्दाला दुसऱ्या कामाला लावले. तलाव आणि तालाब, घुमट आणि गुंबद या जोड्याही अशाच जवळच्या.

हे शब्द कसे आले? बहामनी राजवटीपासून पुढे तीनशे वर्षे दख्खनच्या दरबारांत फारसी चालत होती. जमिनीचे कागद, फौजेचे हिशेब, नेमणुकीचे हुकूम फारसीत निघत. जहागीर, परगणा, सुभा, फौज, सरदार हे शब्द त्या कागदांतून मराठी माणसाच्या घरात आले आणि राहिले. ते इतके रुळले होते की, पुढे शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करून घेतला. त्यातले काही पर्याय टिकले, पुष्कळ फारसी शब्दही टिकले. आजही शेतकरी ‘जमीन’ म्हणतो आणि वकील ‘हजर’ म्हणतो.

वाड्यातून फिरताना रंगमहाल दाखवला जातो. त्याच्याशी एक कथा जोडलेली आहे. रंगपंचमीच्या दिवशी मालोजी भोसले आपला लहान मुलगा शहाजी याला घेऊन लखुजीराजांकडे आले होते. शहाजी आणि जिजा ही दोन मुले एकमेकांवर रंग उडवू लागली. ते पाहून लखुजीराजे सहज हसून म्हणाले की, जोडा शोभून दिसतो. मालोजींनी तो शब्द धरून ठेवला. कथा गोड आहे आणि गावात प्रत्येक जण ती सांगतो. इतिहासाचे अभ्यासक मात्र तिला दंतकथा मानतात. एवढे खरे की पुढे शहाजी आणि जिजाऊ यांचा विवाह झाला.

शहाजी हे नावही लक्षात ठेवण्यासारखे आहे. मालोजींना पुष्कळ दिवस मूल नव्हते. तेव्हा त्यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या पिराला नवस केला, अशी परंपरा आहे. पुढे दोन मुलगे झाले. पिराच्या नावाचे दोन भाग करून एकाचे नाव शहाजी ठेवले आणि दुसऱ्याचे शरीफजी.

आता लखुजीराजांची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पुढची वास्तू कळणार नाही.

त्या काळी अहमदनगरला निजामशाही होती. लखुजी जाधव हे तिचे मोठे सरदार. जाधव घराणे स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत असे. सिंदखेडची जहागीर त्यांच्याकडे होती. उत्तरेकडून मोगल दख्खन जिंकू पाहत होते आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर त्यांना रोखून धरत होता. हा मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतील हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस आपल्या हुशारीने राज्याचा कारभारी झाला होता. लखुजीराजांचे आणि त्याचे पटले नाही. शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा बादशहा शहाजहान, १६२१ च्या सुमारास दख्खनमध्ये होता. त्या वेळी लखुजीराजे मोगलांना जाऊन मिळाले. मोगलांनी त्यांचा मोठा मान केला. फारसी इतिहासकार त्यांना ‘जादूराय’ म्हणतात आणि त्यांच्या सगळ्या कुटुंबाला मिळून २४,००० जात व १५,००० स्वार इतकी मनसब होती असे लिहितात. ‘जात’ या आकड्यावरून सरदाराचा दर्जा व पगार ठरे आणि ‘स्वार’ या आकड्यावरून त्याने किती घोडेस्वार ठेवायचे ते ठरे.

जावई शहाजी मात्र निजामशाहीतच राहिले. त्यामुळे १६२४ मध्ये भातवडीची लढाई झाली, तेव्हा एका बाजूला सासरे आणि दुसऱ्या बाजूला जावई असा प्रसंग आला. लढाई मलिक अंबरने जिंकली. शहाजींचे भाऊ शरीफजी तिच्यात मारले गेले. त्याआधी एकदा खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला होता. त्या गोंधळातून जाधव आणि भोसले यांच्यात तलवारी निघाल्या. त्यात जिजाऊंचे भाऊ दत्ताजी मारले गेले आणि शहाजींचे चुलतभाऊ संभाजी यांनाही प्राण गमवावा लागला. ही हकीकत कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत ग्रंथात आली आहे. आपण पुस्तकात ‘थोर माता’ एवढेच वाचतो. पण विचार करा, माहेरचा माणूस सासरच्या माणसाकडून मारला गेला आणि सासरचा माहेरच्याकडून. त्या घरातल्या मुलीने कोणाच्या दारात जाऊन रडायचे?

सर्वांत मोठा घाव १६२९ मध्ये बसला. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला होता. लखुजीराजे पुन्हा निजामशाहीकडे वळले होते. जुलै १६२९ मध्ये ते आपले मुलगे अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांच्यासह दौलताबादच्या किल्ल्यात दरबारासाठी गेले. तेथे निजामशहाच्या इशाऱ्यावरून या चौघांना दग्याने ठार करण्यात आले. एका दिवसात जिजाऊंचे वडील, दोन भाऊ आणि भाचा गेला. उरलेले कुटुंब सिंदखेडला पळून आले आणि मोगलांच्या आश्रयाला गेले. शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. त्यानंतर सुमारे सातच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरी किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. म्हणजे वडिलांच्या खुनाची बातमी आली तेव्हा जिजाऊंच्या पोटात ते बाळ होते.

या घटनेत एक गोष्ट नीट समजून घ्या. मारणारा सुलतान मुसलमान होता आणि मरणारे हिंदू होते, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. तो काळ सत्तेच्या ओढाताणीचा होता. मोगलही मुसलमान आणि निजामशहाही मुसलमान, तरी ते एकमेकांशी पिढ्यानपिढ्या लढले. जाधव आणि भोसले दोघेही मराठे, तरी त्यांच्यात तलवार चालली. कोण कोणाच्या बाजूला उभा होता हे पाहायला लागलात की धर्माच्या सरळ रांगा कोठेच दिसत नाहीत.

आता लखुजीराजांच्या समाधीकडे चला. ती पाहताच तुम्ही बहुधा चकित व्हाल. भव्य, चौरस इमारत, चारी बाजूंना कमानी आणि वर घुमट. मी एकदा नववीच्या वर्गाला घेऊन गेलो होतो, तेव्हा एका मुलीने लगेच विचारले, “सर, हा तर दर्गा वाटतो. राजाच्या समाधीला गुंबद कसा?” तिच्या प्रश्नावर दोन-तीन मुले हसली. मला मात्र तो त्या दिवसाचा सर्वांत चांगला प्रश्न वाटला.

आधी समाधी आणि कबर यांतला फरक सांगतो. कबरीत माणसाला दफन केलेले असते. हिंदू राजांच्या बाबतीत साधारणपणे दहन होते. मग जेथे दहन झाले तेथे किंवा घराण्याच्या गावी आठवण म्हणून वास्तू उभारतात. तिला समाधी किंवा छत्री म्हणतात. म्हणजे येथे आठवण आहे, शरीर नाही. मग घुमट का? त्याचे कारण असे की इमारत धर्म पाहून बांधली जात नाही, ती कारागीर पाहून बांधली जाते. त्या काळी दौलताबाद, अहमदनगर आणि खुलताबाद या भागांत मोठमोठे मकबरे उभे राहत होते. दगड घडवणारे, चुना मळणारे आणि कमान वळवणारे गवंडी तेच होते. मोठ्या सरदाराचे स्मारक बांधायचे म्हटल्यावर त्यांनी आपल्या हाताला येत होते ते उत्तम काम येथे केले. वेरूळला मालोजीराजांचे स्मारक आहे, तेही याच धाटणीचे आहे. ज्या निजामशहाने लखुजीराजांना मारले त्याच निजामशाहीच्या मकबऱ्यांसारखी त्यांची समाधी आहे. घराण्याने सुलतानाशी वैर धरले, पण घुमटाशी धरले नाही.

समाधीच्या आत गेल्यावर हळू आवाजात बोला आणि मान वर करून घुमटाच्या पोटाकडे पाहा. चौकोनी खोलीवर गोल छत कसे बसवले असेल, याचा विचार करा. चौकोनाचे चारही कोपरे तिरपे कापून आधी अष्टकोन करतात आणि अष्टकोनावर गोल सहज बसतो. ही युक्ती दख्खनच्या घुमटांत पुन्हा पुन्हा दिसते. कोपऱ्यात उभे राहून वहीत आकृती काढून पाहा, भूमितीचा एक तास होऊन जाईल. आणखी एक विनंती. जुन्या भिंतींवर लोकांनी आपली नावे कोरून ठेवण्याची चाल सगळीकडे आहे. कोणाचे नाव कोणत्या लिपीत आहे हे वाचत बसू नका आणि त्यात आपले नाव घालू नका.

याच समाधीच्या परिसरात २०२४ मध्ये एक नवल घडले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग समाधीच्या दुरुस्तीचे काम करीत होता. तेव्हा जमिनीत काही घडीव दगड दिसले. म्हणून खोदकाम केले, तर खाली एका जुन्या मंदिराचा पाया निघाला. आणखी खोदल्यावर शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. शेष म्हणजे नाग आणि शायी म्हणजे निजलेला. नागाच्या वेटोळ्यावर विष्णू निजले आहेत आणि लक्ष्मी त्यांचे पाय चेपीत आहे, असे ते शिल्प आहे. ते सुमारे १.७० मीटर लांब आणि १ मीटर उंच आहे. त्यावर समुद्रमंथनाचा देखावाही कोरला आहे. मूर्तीचा दगड आपल्याकडचा काळा बेसाल्ट नाही, तर क्लोराइट शिस्ट नावाचा मऊ दगड आहे. मऊ दगडात बारीक काम चांगले करता येते. लखुजीराजांच्या काळाच्या कितीतरी आधीचे गाव त्यांच्या समाधीजवळ जमिनीखाली झोपून होते आणि चारशे वर्षे कोणाला पत्ता नव्हता.

तसेच जुने काम पाहायचे असेल तर नीळकंठेश्वराचे मंदिर पाहा. तेथे ‘हेमाडपंती’ हा शब्द तुमच्या कानावर पडेल. यादव राजांचा हेमाडपंत नावाचा मंत्री तेराव्या शतकात होऊन गेला. चुना न वापरता, दगडात दगड अडकवून बांधलेल्या मंदिरांना त्याच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात. अशी सगळीच मंदिरे त्याने बांधलेली नाहीत, पण नाव त्याचे चिकटले. मंदिरात जाताना चपला बाहेर काढा. लोक पूजा करीत असतील तर बाजूला उभे राहा. आपल्या मशिदीत पाहुणा आला तर त्याने जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे वागा.

एव्हाना भूक लागली असेल. सावलीची जागा पाहून डबे उघडा. जेवल्यावर लगेच उठू नका. दुपारच्या उन्हात भटकण्यापेक्षा वहीत लिहिलेले शब्द एकमेकांना वाचून दाखवा.

ऊन उतरू लागले की पुतळा बारव पाहायला जा. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. उर्दूत आपण तिला बावली म्हणतो. साध्या विहिरीतून दोर सोडून पाणी काढावे लागते. बारवेत मात्र पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जाता येते. पावसाळ्यात पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत येते आणि उन्हाळ्यात खोल जाते. माणूस पाण्यामागे पायरी पायरी उतरतो. या बारवेला ‘पुतळा’ म्हणतात ते तिच्यातील कोरीव मूर्तींमुळे. पाणी भरण्याच्या जागी इतके कोरीव काम कशाला, असे वाटेल. पण पाण्यावर दिवसातून दोन वेळा यायचेच असते. गावातील बायांची भेट तेथे होई, प्रवासी तेथे टेकत, जनावरांना पाणी मिळे. ज्या जागेचा सर्वांत जास्त उपयोग, ती जागा सुंदर केली. मला हा हिशेब पटतो. काठावर मस्ती मात्र करू नका, जुन्या पायऱ्या निसरड्या असतात.

काळाकोट आणि साकरवाडा या दोन वास्तूंकडे जाताना वाटेत गावकऱ्यांना विचारा. काळाकोटाची तटबंदी पाहून तुम्हाला तिची जाडी मोजावीशी वाटेल. पावलांनी मोजा. एवढी रुंद भिंत तोफांच्या काळातली आहे. तोफेचा गोळा पातळ भिंत फोडतो, जाड भिंतीत तो रुतून बसतो. साकरवाड्याच्या भिंती आजही उंच उभ्या आहेत.

सिंदखेडच्या आसपास फौजा पुन्हा पुन्हा आल्या. याच तालुक्यात साखरखेर्डा नावाचे गाव आहे. तेथे १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आसफजाह आणि मोगल बादशहाचा सुभेदार मुबारिजखान यांची लढाई झाली. निजाम जिंकला, आणि हैदराबादचे राज्य उभे राहिले ते या विजयातून. १७५७ मध्ये खुद्द सिंदखेडजवळ पेशव्यांच्या फौजेने निजामाच्या फौजेला कोंडीत पकडले. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि या गावाचे राजकीय महत्त्व संपले. वाडे ओस पडले. महत्त्व संपले म्हणूनच कदाचित कोणी जुने पाडून नवे बांधले नाही आणि आज आपल्याला एवढे पाहायला मिळते.

शेवटी मोती तलावावर जा. मी मुद्दाम तो शेवटी ठेवला आहे. हा तलाव निसर्गाने केलेला नाही, तो माणसांनी बांधला आहे. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्यासाठी एका बाजूला दगडी भिंत घातली आहे आणि ही भिंत किल्ल्याच्या तटासारखी आहे. पाण्याला किल्ला कशाला? पाणी हलके नसते म्हणून. जसजसे खोल जाल तसतसा पाण्याचा दाब वाढतो. दर १० मीटर खोलीला तो साधारण एका वातावरणाइतका वाढतो. म्हणून बंधाऱ्याची भिंत भक्कम लागते आणि तिच्या तळाशी ताकद जास्त लागते. जास्तीचे पाणी वाहून जायला सांडवा लागतो, नाहीतर पूर भिंतीवरून जातो आणि भिंत फुटते. ज्या काळात सिमेंट नव्हते, यंत्रे नव्हती, त्या काळात या लोकांनी दगड, चुना आणि बैल यांच्या जोरावर हे केले. या भागात पाऊस कमी आणि लहरी असतो. एका वर्षी नदीनाले भरतात, दुसऱ्या वर्षी हंडे घेऊन टँकरची वाट पाहावी लागते. लखुजीराजांच्या लढाया इतिहासात गेल्या, पण हा पाण्याचा प्रश्न अजून आपल्या दारात उभा आहे. म्हणून मला वाड्यापेक्षा हा तलाव अधिक मोठा वाटतो. तुम्हाला तसे न वाटले तर वर्गात वाद घाला, मराठीतून.

वेळ उरला तर चांदणी तलावही पाहून घ्या. त्याच्या मधोमध तीन मजली वास्तू आहे. पाणी किती चढले आहे हे तिच्या मजल्यांवरून कळते. तुम्ही जाल त्या दिवशी किती मजले पाण्याबाहेर आहेत ते मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वर्षी शाळेची दुसरी तुकडी गेली की तिने पुन्हा मोजावे.

परतीच्या गाडीची वेळ सकाळी उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा. “काका, देऊळगाव राजाकडे जाणारी शेवटची गाडी किती वाजता आहे?” हे वाक्य बसमध्येच दोन वेळा मनात म्हणून घ्या. गाडी येईपर्यंत स्थानकाजवळच्या टपरीवर एक कप चहा घ्यायला हरकत नाही.